नव्या रॉयल पायथनला हातात कधी घ्यायचं?

ताई, तुमचा प्रश्न असा : इंग्लंडात मिल्टन कीन्सला राहता, 13 वर्षांच्या मुलाच्या हट्टापायी रॉयल पायथन या बिनविषारी सापाचं पिल्लू घरी आणलंय, आज चौथा दिवस. दिवसभर ते आडोशाखाली बसून असतं. बाहेर काढलं की डोकं आत खुपसून गोल होतं. दुसऱ्याच दिवशी दिलेल्या उंदराकडे त्यानं पाहिलंही नाही. दुकानदार म्हणाला, रोज हातात घ्या, म्हणजे माणसाळेल. यजमान म्हणतात, परत करून टाक. आणि पुढच्या महिन्यात साताऱ्याहून सासूबाई येताहेत.

साप आजारी वाटत नाही. तुम्ही लिहिलेलं सगळं वागणं नव्या घरात आलेल्या धडधाकट पिल्लाचं आहे. दुकानदाराचा सल्ला मात्र आजपासून बाजूला ठेवा. या पिल्लानं तुमच्या घरात लागोपाठ दोन-तीनदा नीट खाल्लं की मग हातात घ्यायचं, तोवर नाही. मी इथल्या एका सरपटणाऱ्या प्राण्यांच्या निवाराघरात काम करतो. लोक आमच्याकडे ‘चावरा’ किंवा ‘खातच नाही’ म्हणून जे रॉयल आणून देतात, त्यातल्या बहुतेकांचं दुखणं एवढंच असतं की पहिल्या महिन्यात त्यांना कुणी स्वस्थ बसू दिलेलं नसतं.

हा प्राणी मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ भागातला, घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातला. तिथे तो दिवस काढतो उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात, आणि बाहेर पडतो अंधार झाल्यावर. म्हणजे दिवसभर लपून बसणं हा त्याचा नित्यक्रम आहे, रुसवा नाही. धोका वाटला की पळण्यापेक्षा तो वेटोळं घालतो आणि डोकं मधोमध लपवतो. अमेरिकेत त्याला बॉल पायथन म्हणतात ते यामुळेच. आता त्याच्या बाजूनं चार दिवस बघा : पिशवीत घातलं, गाडीत हलवलं, अनोळखी वासाच्या पेटीत सोडलं, आणि रोज वरून एक मोठा हात येऊन उचलून नेतो. वरून येणारी वस्तू म्हणजे घार-ससाणा, एवढं त्याला उपजत कळतं. अशा अवस्थेत कुठलाही साप जेवत नाही. पोटात भक्ष्य असताना पळता येत नाही, म्हणून भ्यालेला साप आधी खाणं सोडतो.

पुढचे सात दिवस तर फक्त पाणी बदलायचं आणि घाण दिसली तर उचलायची. बाकी पेटी उघडायची नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. मुलाच्या मित्रांची रांग लागली असेल तर त्यांना सांगा, पुढच्या महिन्यात या. पेटी सगळीकडून काचेची असेल तर तीन बाजूंना बाहेरून कागद लावून टाका. टीव्हीचा मोठा स्पीकर त्याच टेबलावर नको. सापाला कानाची छिद्रं नसली तरी कंप आणि खालच्या पट्टीतला आवाज त्याला चांगला जाणवतो.

या सात दिवसांत साप सोडून पेटीकडे लक्ष द्या. न खाण्याचं खरं कारण बहुतेक वेळा तिथे सापडतं. एका टोकाला ऊब हवी, 31 ते 32 अंश सेल्सिअस, आणि दुसरं टोक 25-26 अंशांचं. साप स्वतःचं तापमान स्वतः तयार करत नाही. पचवायचं असेल तर तो उबेकडे सरकतो, नको असेल तर गारव्याला जातो. त्याला ही ये-जा करता आली पाहिजे. इंग्लंडातल्या घरांत एक खोच असते : रात्री हीटिंगचा टायमर बंद होतो आणि पहाटे खोली 16 अंशांवर येते. संध्याकाळी तुम्ही पाहिलं तेव्हा सगळं ठीक होतं, आणि पिल्लानं रात्र कुडकुडत काढली, असं होतं. म्हणून हीट मॅट (तापणारी चटई) असो, सिरॅमिक हीटर असो वा दिवा, थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेलं तापमान आपोआप राखणाऱ्या उपकरणाशिवाय, काहीही लावायचं नाही. थर्मोस्टॅटशिवाय मॅट फार तापते आणि सापाचं पोट भाजतं. भाजत असताना तो बाजूला होईलच, याचा भरवसा धरू नका. दिवा किंवा सिरॅमिक असेल तर त्याला जाळी हवीच, साप त्याला वेटोळं घालतो. पेटीवर चिकटवलेला गोल काट्याचा तापमापक फेकून द्या. तारेच्या टोकाला संवेदक असलेले दोन डिजिटल घ्या, एक उबेच्या आडोशात, एक गारव्याच्या. रात्री तापमान 22-23 च्या खाली जाऊ नये.

आडोसे दोन लागतात. एकच असेल आणि तो गार टोकाला असेल, तर पिल्लू ऊब सोडेल पण आडोसा सोडणार नाही, आणि मग थंड पोटानं खाणार नाही. आडोसा प्रशस्त नको. आत वेटोळं घालून बसल्यावर पाठ आणि बाजू भिंतीला टेकल्या पाहिजेत. दुकानातल्या मोठ्या शोभिवंत कवट्या-गुहांपेक्षा उलटं ठेवून दार कापलेलं प्लास्टिकचं डबडं बरं. ‘पिल्लाला मोठी पेटी चालत नाही’ असं ऐकाल. मोठी पेटी चालते, मोकळी चालत नाही. कृत्रिम पानं, सालींचे तुकडे, पुठ्ठ्याच्या नळ्या यांनी ती भरून टाका. पूर्ण वाढलेल्या सापाला निदान 120 × 60 × 60 सेंटिमीटरची जागा लागेल, हे आत्ताच डोक्यात असू द्या.

आर्द्रता 60 टक्क्यांच्या आसपास, कात टाकायच्या वेळी थोडी जास्त. खाली नारळाच्या सोडणाचा भुसा चांगला, देवदाराचा भुसा अजिबात नको. पण पहिले काही आठवडे मी नुसता किचन पेपर अंथरतो, कारण त्यावर विष्ठा, उलटी आणि माइट्स लगेच दिसतात. माइट्स म्हणजे सापाच्या अंगावरचे बारीक किडे, दिसतात खसखशीपेक्षा बारीक काळे ठिपके, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीखाली. साप तासन् तास पाण्याच्या भांड्यात बसू लागला तर आधी ते शोधा.

आता खाणं. सात-आठ दिवस शांत गेले की एका संध्याकाळी पहिला प्रयत्न. त्याआधी दुकानात फोन करून तीन गोष्टी विचारा : तिथे त्याला माऊस (छोट्या जातीचा उंदीर) देत होते की रॅट (मोठ्या जातीचा), केवढा, आणि गोठवलेला की जिवंत. या जातीचे साप एकदा ज्या वासाला सरावतात त्यालाच धरून बसतात. माऊस खाणाऱ्यापुढे रॅटचं पिल्लू ठेवलं तर तो उपाशी राहील पण चाखणार नाही. आकार सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढा, किंवा किंचित जास्त. वजनात पाहिलं तर पिल्लासाठी त्याच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के.

गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजमध्ये बंद पिशवीत, मग देण्याआधी ती पिशवी कोमट, नंतर गरम पाण्यात. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतो आणि फुटतो. सगळ्यांचं चुकतं ते यापुढे. उंदीर नुसता वितळून उपयोग नाही, त्याचं डोकं 38-40 अंशांपर्यंत गरम लागतं. रॉयलच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे खळगे असतात आणि अंधारात तो त्यांच्यावरच नेम धरतो. गार उंदीर त्याच्या लेखी उंदीरच नव्हे. दिवे मंद करा, लांब चिमट्यानं उंदराला कमरेपाशी धरा, आडोशाच्या तोंडाशी सावकाश हलवा आणि स्वतः स्थिर राहा. झडप घातली तर चिमटा सोडा आणि खोलीबाहेर जा. पाच-दहा मिनिटांत दाद दिली नाही तर उंदीर दारात ठेवून द्या, सकाळी टाकून द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करायचा मोह होतो. तो आवरा, पुढचा प्रयत्न आठवड्यानं. रोज नाकासमोर उंदीर नाचवला की साप त्यालाच घाबरायला लागतो.

जिवंत उंदीर देऊ नका. इथे तशी प्रथा नाही आणि गरजही नाही. न खाणाऱ्या सापाबरोबर रात्रभर सोडलेला जिवंत उंदीर सापालाच कुरतडतो. त्या जखमा आम्ही शिवून घेतलेल्या आहेत. खायला घालताना वेगळ्या डब्यात हलवा, नाहीतर तो पेटीत हात घालताच चावेल, असंही कुणी सांगेल. ती समजूत जुनी आहे. हलवल्यानं लाजरा रॉयल खाणं सोडतो, आणि खाल्ल्यावर उचलून परत आणलं की ओकतो.

तुमचं घर शाकाहारी आहे असं लिहिलंय म्हणून सांगतो, यात तडजोड नाही. साप दूध पीत नाही, अंड्यावर हा साप जगत नाही, आणि श्रावणात त्याला उपास घालता येत नाही. मार्ग सोपा आहे : गॅरेजमध्ये किंवा मुलाच्या खोलीत एक छोटा वेगळा फ्रीझर, वेगळी बादली, वेगळा चिमटा. आठवड्याला एक उंदीर म्हणजे दोन महिन्यांचा साठा बुटांच्या खोक्यात मावतो. हे सासूबाई येण्याआधी उरकून टाका. साप पाहून त्या घाबरतील तेवढ्या आइस्क्रीमशेजारचा उंदीर पाहून संतापतील, असा माझा अंदाज आहे.

दोन-तीन जेवणं झाली की हाताळणी. जेवणानंतर पूर्ण 48 तास हात लावायचा नाही, तो दंडक कायमचा. पहिल्या दिवशी उचलूच नका. पेटी उघडा, हात आत तळाशी टेकवून दोन मिनिटं तसाच ठेवा, पाणी बदला, बंद करा. हात येतो आणि काही वाईट न करता जातो, एवढं त्याला कळलं तरी पुष्कळ. एक-दोनदा असं झालं की पुठ्ठ्याच्या नळीनं किंवा हुकानं त्याच्या अंगाला मधोमध हलकेच स्पर्श करा. हा स्पर्श दर वेळी झाला पाहिजे. चिमटा आला की जेवण, नळी लागली की उचलणं, हा फरक साप काही आठवड्यांत शिकतो आणि मग भुकेच्या तंद्रीत हाताला झडप घालत नाही.

उचलायचं बाजूनं, वरून नाही. दोन्ही हात पोटाखाली, शरीराच्या मध्यावर, आणि एकदा उचलायचं ठरवलं की चाचरायचं नाही. हात पुढे-मागे करत राहिलात तर तो नेम धरतो. डोकं धरू नका, शेपटीला लटकवू नका. मुलानं यूट्यूबवर आपल्याकडच्या सर्पमित्रांचे व्हिडिओ पाहिले असतील. नाग-घोणस विहिरीतून, स्वयंपाकघरातून काढणं हे वेगळं काम आहे, त्यातली शेपूट धरायची पद्धत इथे आणायची नाही. जमिनीवर किंवा पलंगावर बसून घ्या, म्हणजे निसटला तरी उंचावरून पडणार नाही. त्याला आवळू नका, एका हातावरून दुसऱ्यावर सरकू द्या. झाडाच्या फांदीनं जेवढं करावं तेवढंच तुमच्या हातांनी करायचं आहे.

पहिल्यांदा पाच मिनिटं पुरे. तो गोल झाला तर उलगडायचा प्रयत्न नको, ओंजळीत तसाच राहू द्या. बहुतेक वेळा थोड्या वेळानं डोकं बाहेर येतं आणि जीभ सावकाश, लांब बाहेर पडू लागते. ती जीभ वास गोळा करते आहे, म्हणजे कुतूहल भीतीवर मात करतंय. थांबायचं कधी, हे मान सांगते. मान इंग्रजी ‘एस’सारखी मागे खेचली, नजर तुमच्या हातावर खिळली, अंग ताठ झालं किंवा फुत्कार आला, तर तो दिवस संपला. त्याला परत त्याच्या आडोशाशी सोडा. पुढे आठवड्यातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं, याहून जास्त त्याला नको असतं. तासभर गळ्यात घालून टीव्ही पाहणं हे माणसाचं मनोरंजन आहे. तो शांत पडून राहिला म्हणून त्याला आवडतंय असं धरू नका, घाबरलेला रॉयलसुद्धा निश्चल पडतो.

‘माणसाळेल’ या शब्दानं मुलाच्या अपेक्षा वाढल्या असतील, त्या त्याच्याशी बसून बोला. हा साप हाकेला येणार नाही, ओळखून उराशी बिलगणार नाही. तुमच्यापासून धोका नाही हे तो शिकतो, आणि तेवढं शिकलेला साप सांभाळायला फार सुखाचा असतो. यात समाधान नसेल तर तुमच्या यजमानांचं म्हणणं खरं आहे, परत करा. आत्ता परत करणं सापासाठीही सोपं आहे, दोन वर्षांनी नाही. नीट सांभाळला तर हा प्राणी 20-30 वर्षं जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीनं 2020 मध्ये अंडी घातली, ती तिथे 1961 पासून होती. मुलगा विद्यापीठात गेल्यावर उंदीर कोण वितळवणार, हे आज ठरवा. इथल्या 2006 च्या प्राणिकल्याण कायद्यानं 16 वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही आणि जबाबदारी पालकांवर असते, म्हणजे कागदोपत्री हा साप तुमचाच आहे.

चावला तर काय? बिनविषारी आहे, पिल्लाचा चावा म्हणजे सुयांचे ठिपके. बहुतेकदा चावून लगेच सोडतो. साबणानं धुवा, जंतुनाशक लावा. भक्ष्य समजून पकडून ठेवला तर मात्र हात ओढू नका. दात आत वळलेले असतात, ओढल्यानं तुमची कातडी फाटते आणि त्याचे दात तुटतात. तोंडावर गार पाण्याची धार धरा, तो सोडतो. हातांना हॅमस्टरचा किंवा उंदराचा वास असताना पेटीत हात घालणं, हे अशा चाव्याचं नेहमीचं कारण.

डोळे दुधाळ निळसर झाले आणि रंग मळकट दिसू लागला तर कात येते आहे. त्या आठ-पंधरा दिवसांत त्याला नीट दिसत नाही, हाताळणी बंद. खाणं नाकारलं तरी चिंता नाही. कात एका तुकड्यात मोज्यासारखी उतरली पाहिजे. तुकडे पडले तर आर्द्रता कमी आहे. डोळ्यावरचं कवच राहिलं तर चिमट्यानं ओढू नका, पशुवैद्याकडे न्या.

सासूबाईंसाठी दोन गोष्टी. एक, हा अजगराच्या कुळातला असला तरी आपल्याकडच्या अजगरासारखा वाढणार नाही, मोठी मादीसुद्धा पाच फुटांच्या पुढे क्वचित जाते. पेटीला कुलूप लावा आणि किल्ली त्यांना दाखवा. कुलूप त्यांच्यासाठी नाही, साप खरोखर निसटतात : बोटभर फट पुरते, आणि मग तो फ्रिजच्या मागे किंवा बॉयलरच्या कपाटात सापडतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. धडधाकट सापाच्या अंगावर आणि विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, वयस्कर आणि आजारी माणसं यांनी हात न लावलेला बरा. हाताळल्यावर प्रत्येकानं साबणानं हात धुवायचे. पाण्याचं भांडं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचं नाही. पेटीच्या खोलीत धूप, अगरबत्ती, रूम फ्रेशनर नको आणि कीटकनाशकाचा फवारा तर कधीच नको. देवघर त्याच खोलीत असेल तर पेटी हलवा, सासूबाईंना धूप बंद करायला सांगणं तुम्हाला झेपणार नाही.

हे वाचून भारतातला एखादा भाचा पेटला तर त्याला वेळीच अडवा. आपल्याकडचे साप, मग ते धामण असो, मांडूळ असो की अजगर, पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. रॉयल पायथन परदेशी असला तरी वन्यजीवांच्या व्यापारावरच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. 2022 ची दुरुस्ती आणि 2024 चे नियम यांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याला केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. इंग्लंडात मात्र रॉयलसाठी परवाना लागत नाही, 1976 च्या धोकादायक वन्यप्राण्यांच्या कायद्यातल्या यादीत तो नाही.

एक वेगळा डिजिटल वजनकाटा घ्या आणि दर आठवड्याला डब्यासकट वजन करा. पहिलं वजन सात दिवसांनंतर, एकदाच, झटपट. वहीत तारीख, वजन, खाल्लं की नाही, कात आणि विष्ठा एवढंच लिहायचं, आणि हे काम मुलाकडे द्या. मोठे रॉयल हिवाळ्यात दोन-तीन महिने सहज खात नाहीत आणि त्यांचं काही बिघडत नाही, पिल्लाला तेवढी सवलत नाही. चार-पाच आठवडे काही खाल्लं नाही किंवा वजन दहा टक्क्यांनी घटलं, तर वाट पाहू नका, पशुवैद्याकडे न्या. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकातोंडाशी बुडबुडे, घरघर, मान वर ताणून बसणं, यांपैकी काही दिसलं तर आठवडेसुद्धा मोजायचे नाहीत, त्याच दिवशी न्या. खाल्लेलं ओकला तर पुढचे 10 ते 14 दिवस अन्न नको आणि नंतरचा घास छोटा. पुन्हा ओकला तर तेव्हाही पशुवैद्यच. डोकं सतत कलतं, डुगडुगतं असं वाटलं तर दुकानातून त्याचा रंगप्रकार विचारून घ्या, ‘स्पायडर’ जातीत हा दोष जन्मजातच असतो आणि तो बरा होत नाही. कुत्र्या-मांजरांचा नेहमीचा दवाखाना बहुधा उपयोगाचा नाही, म्हणून सरपटणारे प्राणी पाहतात का हे फोनवर विचारून नंबर आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.